विश्लेषण : अमेरिकन फुटबॉलमधील सर्वश्रेष्ठ ‘रनिंग बॅक’ कोण? सर्वाधिक यार्डांचा विक्रम मोडला, तरी जिम ब्राऊनच पुढे का?

जानेवारी २०२५ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगच्या (एनएफएल) साखळी टप्प्यातील शेवटचा सामना बाकी होता. फिलाडेल्फिया ईगल्सचा सॅक्वॉन बार्कली तोवर २,००५ यार्ड पळाला होता. एका हंगामात चेंडू घेऊन सर्वाधिक अंतर कापण्याचा एरिक डिकर्सनचा २,१०५ यार्डांचा विक्रम १९८४ पासून अबाधित होता. तो मोडण्यासाठी बार्कलीला हवे होते फक्त १०१ यार्ड. समोर होता त्याचाच जुना संघ, न्यूयॉर्क जायंट्स. तरीही बाद फेरी डोळ्यांसमोर ठेवून ईगल्सने त्याला विश्रांती दिली. विक्रम डिकर्सनकडेच राहिला. महिनाभराने, ९ फेब्रुवारीला ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सला ४०-२२ असे हरवून ‘सुपर बोल’ जिंकला. या निर्णयाने अमेरिकी क्रीडाविश्वातील एक जुना वाद पुन्हा ऐरणीवर आणला. या खेळातील सर्वश्रेष्ठ ‘रनिंग बॅक’ कोण, आणि तो ठरवायचा कशावरून?

‘रनिंग बॅक’ म्हणजे नेमके कोण?

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे ११ खेळाडू १०० यार्डांच्या (सुमारे ९१ मीटर) मैदानावर उतरतात. चेंडू ज्या संघाकडे असतो, त्याला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे जावे लागते. ते जमले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमले तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. पुढे सरकण्याचे मार्ग दोन. ‘क्वार्टरबॅक’ चेंडू दूरवर फेकतो आणि सहकारी तो झेलतो, हा पहिला. क्वार्टरबॅक चेंडू थेट हातात देतो आणि तो घेऊन खेळाडू समोरच्या गर्दीत घुसतो, हा दुसरा. हा घुसणारा खेळाडू म्हणजे रनिंग बॅक.

कबड्डीतील चढाईपटूशी त्याची तुलना काही अंशी करता येईल. समोरचे सगळे त्याला पाडायलाच उभे असतात. फरक असा, की रनिंग बॅकच्या पुढे त्याच्याच संघाचे धिप्पाड खेळाडू वाट मोकळी करण्यासाठी झुंजत असतात. म्हणजे त्याचे यश काही त्याच्या पायांत असते, तर काही या पुढच्या फळीच्या खांद्यांवर. याशिवाय त्याला चेंडू झेलावाही लागतो आणि क्वार्टरबॅकवर चालून येणाऱ्यांना अडवावेही लागते.

यातील हिशेब ‘यार्ड’मध्ये होतो. दर प्रयत्नाला चार यार्ड मिळवणारा खेळाडू चांगला समजला जातो, कारण तीन प्रयत्नांत बारा यार्ड झाले की संघाचे काम भागते. दर प्रयत्नाला पाच यार्ड ही दुर्मीळ गोष्ट, आणि ती वर्षानुवर्षे टिकवणे त्याहून दुर्मीळ. पुढचा सगळा वाद समजून घेण्यासाठी चार आणि पाच यांतील हे अंतर लक्षात ठेवणे गरजेचे आहे.

वाद कोणत्या चौघांभोवती फिरतो?

चर्चेत नावे अनेक येतात. ओ. जे. सिम्पसन, डिकर्सन, अर्ल कॅम्पबेल, गेल सेयर्स, लाडेनियन टॉमलिन्सन, मार्शल फॉक, एड्रियन पीटरसन. परंतु अखेरीस वाद चौघांवर येऊन थांबतो.

पहिला जिम ब्राऊन. क्लीव्हलँड ब्राऊन्सकडून १९५७ ते १९६५ असे नऊ हंगाम तो खेळला. ११८ सामन्यांत १२,३१२ यार्ड, दर प्रयत्नाला ५.२ यार्ड.

दुसरा वॉल्टर पेटन. शिकागो बेअर्सकडून १९७५ ते १९८७ असे १३ हंगाम, १९० सामने, १६,७२६ यार्ड. ब्राऊनचा विक्रम त्यानेच १९८४ मध्ये मागे टाकला.

तिसरा बॅरी सँडर्स. डेट्रॉइट लायन्सकडून १९८९ ते १९९८ असे दहा हंगाम, १५३ सामने, १५,२६९ यार्ड. दहाही हंगामांत त्याने हजाराचा टप्पा ओलांडला.

चौथा एमिट स्मिथ. डॅलस काऊबॉइज आणि शेवटची दोन वर्षे ॲरिझोना कार्डिनल्सकडून १९९० ते २००४ असे १५ हंगाम, २२६ सामने. १८,३५५ यार्ड आणि पळून केलेले १६४ ‘टचडाऊन’ हे दोन्ही विक्रम त्याच्या नावावर आहेत. शिवाय तीन सुपर बोल विजेतेपदे.

मग प्रश्न संपला नाही का? सर्वाधिक यार्ड स्मिथचे, सर्वाधिक टचडाऊन स्मिथचे, विजेतेपदेही त्याचीच. तरीही जाणकारांच्या याद्यांत तो क्वचितच पहिला असतो. त्याचे कारण आकड्यांच्या पोटात आहे.

एकूण यार्ड हा निकष पुरेसा का नाही?

एकूण बेरीज ही नेहमी दोन गोष्टींची बनलेली असते. खेळाडू किती चांगला होता आणि त्याला किती काळ खेळायला मिळाले. ब्राऊन आला तेव्हा एनएफएलचा हंगाम १२ सामन्यांचा होता. १९६१ मध्ये तो १४ सामन्यांचा झाला, १९७८ मध्ये १६ आणि २०२१ पासून १७. म्हणजे स्मिथच्या जवळपास प्रत्येक हंगामात ब्राऊनच्या सुरुवातीच्या हंगामांपेक्षा चार सामने जास्त होते. त्यात हंगामही सहा जास्त.

त्यामुळे सामन्यामागील सरासरी काढली की क्रमवारी जवळपास उलटी होते. ब्राऊन १०४.३ यार्ड, सँडर्स ९९.८, पेटन ८८, स्मिथ ८१.२. संपूर्ण कारकीर्दीत सामन्यामागे शंभर यार्डांहून अधिक सरासरी राखणारा ब्राऊन हा एकमेव खेळाडू आहे. दर प्रयत्नामागेही तेच दिसते. ब्राऊन ५.२, सँडर्स ५.०, पेटन ४.४, स्मिथ ४.२. स्मिथने आपले यार्ड ४,४०९ प्रयत्नांत मिळवले, ब्राऊनने २,३५९ प्रयत्नांत.

क्रिकेटच्या चाहत्यांना हा पेच परिचयाचा आहे. कसोटीत सचिन तेंडुलकरच्या १५,९२१ धावा आहेत आणि डॉन ब्रॅडमनची सरासरी ९९.९४. ब्रॅडमन ५२ कसोटी खेळला म्हणून त्याला कोणी खाली उतरवत नाही, आणि सचिनचा पल्लाही कोणी कमी लेखत नाही. टिकून राहणे हा गुणच आहे. पण सर्वोत्तम असणे आणि सर्वाधिक काळ टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकूण यार्डांचा तक्ता त्या एकत्र करून टाकतो.

स्मिथच्या बाबतीत आणखी एक मुद्दा मांडला जातो. त्याच्यासमोर वाट मोकळी करणारी डॅलसची फळी त्या दशकातील सर्वोत्तम फळ्यांपैकी होती. क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन आणि चेंडू झेलणारा मायकेल अर्विन यांच्यामुळे प्रतिस्पर्ध्यांना केवळ स्मिथवर लक्ष ठेवणे शक्य नव्हते. हे खरे आहे. परंतु यावरून स्मिथ म्हणजे इतरांच्या जिवावर मोठा झालेला खेळाडू, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. १९९३ मध्ये कराराच्या वादामुळे तो पहिले दोन सामने खेळला नाही. तीच फळी, तेच एकमन आणि अर्विन असूनही डॅलस दोन्ही सामने हरला. तो परतला, त्या हंगामात सर्वाधिक यार्डही त्यानेच मिळवले आणि संघ विजेता ठरला. साखळीच्या शेवटच्या सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध खांदा निखळलेल्या अवस्थेत त्याने पळून आणि झेलून मिळून २२९ यार्ड कापले. स्मिथ थोर होताच. प्रश्न सर्वश्रेष्ठ कोण, हा आहे.

जिम ब्राऊनचे पारडे जड का?

वेगवेगळ्या काळांतील खेळाडूंची तुलना करायची, तर सर्वांत न्याय्य निकष एकच. तो आपल्या समकालीनांच्या किती पुढे होता? मैदान तेच, नियम तेच, चेंडू तोच, प्रतिस्पर्धीही तेच. मग इतरांना जे जमले नाही ते याला किती जमले?

या कसोटीवर ब्राऊनच्या आसपासही कोणी नाही. नऊपैकी आठ हंगामांत त्याने लीगमध्ये सर्वाधिक यार्ड मिळवले. अपवाद केवळ १९६२ चा. त्या वर्षी ग्रीन बेचा जिम टेलर पुढे गेला. तुलनेसाठी, स्मिथ आणि सँडर्स प्रत्येकी चार वेळा अव्वल होते आणि पेटन फक्त एकदा, १९७७ मध्ये.

अव्वल असणे एक, आणि किती फरकाने अव्वल हे दुसरे. १९५८ मध्ये ब्राऊनचे १,५२७ यार्ड होते, तर दुसऱ्या क्रमांकावरील ॲलन अमीचीचे ७९१. म्हणजे जवळपास दुप्पट. १९६३ मध्ये ब्राऊन १,८६३ आणि दुसरा जिम टेलर १,०१८. १९६५ या शेवटच्या हंगामात ब्राऊन १,५४४ आणि दुसरा, तेव्हा नवखा असलेला गेल सेयर्स, ८६७. आता अलीकडचे मोठे हंगाम पाहा. १९८४ मध्ये डिकर्सनने २,१०५ यार्डांचा विक्रम केला, तेव्हा पेटन १,६८४ वर होता. २०२४ मध्ये बार्कली २,००५ वर थांबला, तर बाल्टिमोरचा डेरिक हेन्री १,९२१ वर. अंतर फक्त ८४ यार्डांचे. समकालीनांवर ब्राऊनइतकी मात करणारा हंगाम शोधायचा तर १९७३ च्या सिम्पसनकडे जावे लागते. तोही एकच. ब्राऊनने असे हंगाम पहिल्या वर्षांतही केले आणि अखेरच्या वर्षातही.

यात भर म्हणजे नऊ वर्षांत त्याचा एकही सामना हुकला नाही. सामन्यात अनेक जण मिळून त्याला पाडत, तेव्हा तो दरवेळी सावकाश उठे आणि सावकाशच परत जाई. खरोखर दुखापत झाली असली, तरी प्रतिस्पर्ध्याला फरक कळू नये यासाठी ही त्याची ठरवून लावलेली सवय होती.

त्याच्यावरील आक्षेप किती खरे?

पहिला आक्षेप असा, की त्या काळचे बचावपटू आजच्या तुलनेत लहानखुरे आणि संथ होते. सुमारे १०५ किलोंचा ब्राऊन तेव्हाच्या अनेक बचावपटूंइतकाच, काहींपेक्षा अधिक वजनदार होता. आक्षेपात तथ्य आहे. पण तो त्या काळातील प्रत्येकालाच लागू होतो. जिम टेलरसमोरही तेच बचावपटू होते, आणि त्याला ते फरक पाडता आले नाहीत. शिवाय आजचा आहार, व्यायाम, शस्त्रक्रिया आणि विश्रांतीची सोय ब्राऊनला मिळाली असती तर काय झाले असते, हे या हिशेबात कोणी धरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तेव्हाची लीग सर्वांना खऱ्या अर्थाने खुली नव्हती. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. वॉशिंग्टनच्या संघाने तर १९६२ पर्यंत कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवला नाही. त्यामुळे ब्राऊनची स्पर्धा अपुऱ्या गुणवत्तेशी होती, असे म्हणता येते. मात्र ही भिंत ब्राऊनसारख्यांच्याच विरोधात उभी होती. तिचा फायदा झालेला खेळाडू म्हणून त्याच्याकडे बोट दाखवणे इतिहास उलटा वाचण्यासारखे आहे. दुसरीकडे, तेव्हा लीगमध्ये १२ ते १४ संघ होते, आज ३२ आहेत. मोजक्या संघांमध्ये चांगले बचावपटू दाटीवाटीने होते, हाही त्याच चित्राचा भाग.

तिसरा आक्षेप खेळातील बदलांचा. १९७८ मध्ये नियम बदलले. चेंडू झेलणाऱ्यांना धक्काबुक्की करण्यावर मर्यादा आल्या, क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्यांना हात मोकळे वापरता येऊ लागले. खेळ हळूहळू फेकण्याकडे झुकला. ब्राऊनच्या काळात खेळ मुळातच पळण्यावर चालत होता, म्हणून त्याला संधी जास्त, असा युक्तिवाद होतो. पण त्याचीच दुसरी बाजू अशी, की तेव्हा समोरच्या संघाला चेंडू कोणाकडे जाणार हे ठाऊक असे आणि सगळा बचाव त्याच्यासाठीच रचलेला असे. तरीही दर प्रयत्नाला पाच यार्डांहून अधिक.

चौथा आक्षेप मात्र मान्यच करावा लागेल. प्रतिस्पर्ध्यांना अडवण्याच्या कामात ब्राऊनला फारसा रस नव्हता. सहकाऱ्यासाठी अंगावर धडक झेलण्याच्या बाबतीत तो पेटनच्या जवळपासही नव्हता.

पेटन आणि सँडर्स कुठे उभे राहतात?

‘सर्वांत परिपूर्ण कोण’ असा प्रश्न विचारला, तर उत्तर वॉल्टर पेटन असेच द्यावे लागेल. तो पळायचा, ४९२ वेळा चेंडू झेलायचे कामही त्याने केले, वेळप्रसंगी फेकून आठ टचडाऊन करून दिले आणि आपल्या क्वार्टरबॅकसाठी भिंतीसारखा उभा राहिला. १३ हंगामांत दुखापतीमुळे त्याचा एकच सामना हुकला. मैदानाबाहेर पाऊल टाकून धडक चुकवणे सोपे असताना तो वळून धडक द्यायचा. नोव्हेंबर १९७७ मध्ये तापाने फणफणलेला असताना त्याने मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध २७५ यार्ड कापले, आणि तो एका सामन्यातील विक्रम २००० पर्यंत टिकला. त्याच्या कारकीर्दीतील बराच काळ बेअर्सचा संघ सामान्य होता. त्यामुळे त्याची ४.४ ही सरासरी दिसते त्यापेक्षा मोठी आहे. विजेतेपद त्याला ११ व्या हंगामात मिळाले. न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्धच्या त्या ४६-१० अशा एकतर्फी सुपर बोलमध्ये त्याच्या नावावर एकही टचडाऊन लागला नाही, याची खंत शिकागोकरांना अजूनही वाटते.

‘सर्वांत विलक्षण कोण’ असा प्रश्न असेल, तर बॅरी सँडर्स. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. चार जणांनी घेरलेले असताना तो क्षणात थांबे, दिशा बदले आणि मोकळ्या जागेत दिसे. १९९७ च्या हंगामातील पहिल्या दोन सामन्यांत मिळून त्याचे ५३ यार्ड झाले. पुढच्या १४ सामन्यांत, एकाही सामन्यात शंभराखाली न जाता, त्याने बरोबर २,००० यार्ड कापले. त्याचा संघ मात्र दहा वर्षांत बाद फेरीचा एकच सामना जिंकू शकला. त्याच्याविरुद्धचा मुद्दा असा, की मोठ्या झेपेच्या शोधात तो अनेकदा मागे जाई आणि संघाचे यार्ड गमावत असे. प्रेक्षकांना जे हवे असते आणि संघाला जे हवे असते, त्यात कधी कधी अंतर पडते, ते असे.

एका हंगामाच्या विक्रमाला किती महत्त्व द्यावे?

दोन हजार यार्डांचा हंगाम आजवर नऊच जणांना साधला आहे. सिम्पसन, डिकर्सन, सँडर्स, टेरेल डेव्हिस, जमाल लुईस, क्रिस जॉन्सन, पीटरसन, हेन्री आणि बार्कली. यात ब्राऊन, पेटन आणि स्मिथ नाहीत. पण इथेही सामन्यांची संख्या आडवी येते. डिकर्सनचे २,१०५ यार्ड १६ सामन्यांतील आहेत, म्हणजे सामन्यामागे १३१.६. सिम्पसनचे २,००३ यार्ड १४ सामन्यांतील, सामन्यामागे १४३.१. आणि ब्राऊनचे १९६३ मधील १,८६३ यार्डही १४ सामन्यांतील, सामन्यामागे १३३.१. जो हंगाम नऊ जणांच्या यादीत बसतच नाही, त्याचा वेग विक्रमी हंगामाहून जास्त आहे. यादी खोटी नाही, पण ती वेगवेगळ्या मापाची भांडी एकाच रांगेत मांडते.

या विक्रमांची किंमत कोण मोजतो?

खरी मेख इथे आहे. क्रिकेटमध्ये किंवा टेनिसमध्ये कारकीर्द लांबवणे हे बरेचसे कौशल्याचे काम. रनिंग बॅकच्या बाबतीत जवळपास प्रत्येक प्रयत्नाचा शेवट शे-सव्वाशे किलोंच्या माणसांनी जमिनीवर आपटण्यात होतो. ४,४०९ प्रयत्न म्हणजे हजारो वेळा असे आपटणे. म्हणून एकूण यार्डांचा विक्रम हा काही प्रमाणात, शरीर किती वापरले गेले याचीही नोंद असतो.

ह्यूस्टन ऑइलर्सचा अर्ल कॅम्पबेल याचे ठळक उदाहरण. १९७८ ते १९८० या पहिल्या तिन्ही हंगामांत तो अव्वल होता. चुकवून जाण्यापेक्षा अंगावर जाणे ही त्याची शैली, आणि संघानेही त्याला मनसोक्त वापरले. आठ हंगामांत कारकीर्द संपली. पुढे पाठीच्या कण्याच्या विकारामुळे त्याला आधाराशिवाय चालणेही कठीण झाले. गुडघ्याच्या दुखापतींनी ६८ सामन्यांतच संपलेल्या गेल सेयर्सचे नावही याच यादीत येते.

या पार्श्वभूमीवर ब्राऊन आणि सँडर्स यांनी घेतलेली रजा वेगळी दिसते. १९६६ मध्ये ‘द डर्टी डझन’ या चित्रपटाचे इंग्लंडमधील चित्रीकरण लांबले, तेव्हा संघमालक आर्ट मॉडेल यांनी सराव शिबिराला न आल्यास दंडाचा इशारा दिला. तिशीतल्या, नुकताच सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवलेल्या ब्राऊनने निवृत्तीच जाहीर केली. सँडर्सने जुलै १९९९ मध्ये आपल्या गावातील वृत्तपत्राला फॅक्स पाठवून निरोप घेतला. तेव्हा पेटनचा सर्वकालीन विक्रम केवळ १,४५७ यार्ड दूर होता. तोवरच्या त्याच्या गतीने एका हंगामाचे काम. दोघांनीही तो मोह टाळला. ‘आणखी खेळले असते तर’ हे त्यांच्याविरुद्ध वापरले जाणारे वाक्य खरे तर त्यांच्या बाजूचे आहे. कधी थांबायचे हे त्यांनी ठरवले, मालकांनी नव्हे.

आजच्या खेळाडूंना हे स्वातंत्र्य पैशांच्या गणितात क्वचितच परवडते. नवोदितांचे करार चार ते पाच वर्षांचे असतात, आणि रनिंग बॅकची उमेदीची वर्षे नेमकी तीच. करार संपतो तेव्हा ‘शरीर झिजले’ म्हणून भाव पाडला जातो. २०१३ आणि २०१४ च्या खेळाडू निवडीत पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नाही. २०१८ मध्ये पिट्सबर्गचा लेव्हिऑन बेल कराराच्या वादात संपूर्ण हंगाम घरी बसला. २०२३ मध्ये खुद्द बार्कलीला जायंट्सने दीर्घ करार नाकारला. तो ईगल्सकडे गेला, संघाला जिंकून दिले आणि मार्च २०२५ मध्ये वर्षाला दोन कोटी डॉलरहून अधिक मोबदला मिळवणारा पहिला रनिंग बॅक ठरला. त्याच्या सहा महिने आधी डॅलसचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट याचा करार वर्षाला सहा कोटी डॉलरवर गेला होता. सर्वाधिक मार खाणाऱ्या जागेचा भाव असा आहे.

मैदानाबाहेरच्या वर्तनाचे काय?

हा वाद सिम्पसनच्या नावाशी येऊन नेहमीच अडखळतो. खुनाच्या खटल्यातून १९९५ मध्ये तो निर्दोष सुटला, तरी १९९७ मध्ये दिवाणी न्यायालयाने त्याला मृत्यूंसाठी जबाबदार धरले. त्याच्या १९७३ च्या हंगामाबद्दल बोलताना आजही आवाज खाली येतो.

ब्राऊनचे चरित्रही सरळ नाही. जून १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी लष्करात जाण्यास नकार देणाऱ्या मोहम्मद अलीच्या पाठीशी उभे राहण्यासाठी त्याने क्लीव्हलँडमध्ये आघाडीच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना एकत्र आणले. बिल रसेल आणि पुढे करीम अब्दुल जब्बार म्हणून गाजलेला तरुण त्यात होते. पुढे त्याने टोळ्यांत अडकलेल्या तरुणांसाठीही काम केले. त्याच माणसावर महिलांवरील हिंसाचाराचे आरोप वारंवार झाले. पत्नीच्या मोटारीची मोडतोड केल्याबद्दल १९९९ मध्ये तो दोषी ठरला आणि समुपदेशनाची अट नाकारून २००२ मध्ये तुरुंगात गेला. मे २०२३ मध्ये ८७ व्या वर्षी त्याचे निधन झाले, तेव्हा श्रद्धांजलीपर लेखांत या दोन्ही बाजू शेजारी शेजारी होत्या. तसेच असायला हवे. सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणणे म्हणजे आदर्श माणूस असल्याचे प्रमाणपत्र देणे नव्हे. ते द्यायचेच झाले, तर पेटनचे नाव आधी येईल. समाजकार्यासाठी एनएफएल दरवर्षी जो पुरस्कार देते, तो त्याच्याच नावाने आहे.

मग सर्वश्रेष्ठ कोण?

प्रत्येक निकषाचा विजेता वेगळा आहे. सातत्य आणि विजेतेपदे पाहिली तर स्मिथ, परिपूर्णता पाहिली तर पेटन, डोळ्यांचे पारणे फेडणारा खेळ पाहिला तर सँडर्स. पण यातील प्रत्येकाच्या गुणाला एखादी अट चिकटलेली आहे. स्मिथला मोठा काळ आणि भक्कम संघ मिळाला. पेटनला समकालीनांवर एकदाच अव्वल ठरता आले. सँडर्सचे यार्ड संघाच्या विजयांत फारसे उतरले नाहीत. ब्राऊनच्या बाबतीत उरणारी अट एकच. त्याने इतरांना वाट करून देण्याचे काम कमी केले. ही उणीव खरी असली, तरी नऊपैकी आठ वर्षे अव्वल राहणे, दुसऱ्याला जवळपास निम्म्यावर ठेवणे, एकही सामना न चुकवणे आणि १९६४ मध्ये क्लीव्हलँडला विजेतेपद मिळवून देणे या तुलनेत ती फार लहान ठरते. त्या शहराच्या संघाला त्यानंतर आजवर पुन्हा विजेतेपद मिळालेले नाही.

म्हणून उत्तर जिम ब्राऊन. तो सर्वाधिक पळाला नाही. मात्र तो पळत होता तेव्हा दुसरा कोणी त्याच्या जवळही नव्हता, आणि थांबला तेव्हा त्याला कोणी थांबवले नव्हते. स्मिथचे १८,३५५ यार्ड आणखी अनेक वर्षे टिकतील. फेकण्यावर चालणाऱ्या आजच्या खेळात एवढे प्रयत्न कोणाच्या वाट्याला येणेच अवघड आहे. ते टिकले तर त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. बार्कलीला १०१ यार्डांसाठी पळवले गेले नाही, आणि महिनाभराने संघ जिंकला. सर्वश्रेष्ठ ठरवताना शरीराच्या झिजेची बेरीज करायची नाही, एवढे जरी या वादातून पुढच्या पिढीच्या खेळाडूंच्या पदरात पडले, तरी तो वाद सत्कारणी लागला असे म्हणता येईल.